स्नोमोबाइल पेट्रोल जास्त खाते, दम नाही, आणि जेट बदलूनही तक्रार परत येते: शोध कुठून सुरू करायचा?

तक्रार साधारण अशी असते. गेल्या हंगामात एका टाकीत जेवढं अंतर व्हायचं, तेवढं आता होत नाही. वरचा वेग गेलाय, प्लग काळे पडतात. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) एक नंबर लहान घातला, चार दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

चार दिवस बरं वाटलं, यातच बरंचसं उत्तर आहे. जेटने दोष गेला असता तर तो परत आला नसता. बहुतेक वेळा त्या चार दिवसांत हवा बदललेली असते किंवा बर्फ घट्ट झालेला असतो, आणि श्रेय मात्र जेटला मिळतं. माझं मत सरळ आहे: अ‍ॅव्हरेज घसरलं की कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी गाडी ओढताना काय अडतंय ते बघायचं, मग क्लच आणि बेल्ट, मग इंजिनची तब्येत, आणि हे सगळं ठीक निघालं तरच जेट. उलट क्रमाने गेलात तर एका बिघाडावर दुसरा बिघाड घालून दोन्ही झाकून टाकाल.

खाली मुख्यतः कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक गाड्यांचं सांगतो, कारण ही तक्रार त्यांच्याबाबतच सतत फिरून येते. फ्युएल इंजेक्शनचं शेवटी.

आधी मोजा, आणि नीट मोजा

स्नोमोबाइलचं ओडोमीटर ट्रॅकचे, म्हणजे मागच्या रुंद रबरी पट्ट्याचे, फेरे मोजतं, जमिनीवरून गेलेलं अंतर नाही. खोल भुसभुशीत बर्फात ट्रॅक जागच्या जागी बराच घसरतो, आणि तो घसरलेला प्रत्येक फेरा किलोमीटर म्हणून नोंदला जातो. त्यामुळे पावडरमध्ये फिरून काढलेलं अ‍ॅव्हरेज प्रत्यक्षापेक्षा चांगलं दिसतं. अंतर जीपीएसवर धरा. टाकी प्रत्येक वेळी त्याच खुणेपर्यंत, गाडी सपाटीवर उभी करून भरा. आणि तुलना करायची तर एकाच प्रकारच्या बर्फावरची करा. दाबलेल्या ट्रेलवरचं अ‍ॅव्हरेज आणि कमरेएवढ्या ताज्या बर्फातलं अ‍ॅव्हरेज शेजारी मांडून काहीच निष्पन्न होत नाही.

आणखी एक आकडा लिहून ठेवा, तो फार कामाला येतो: सपाट, घट्ट ट्रेलवर ठरावीक वेगाने जाताना इंजिन किती आरपीएमवर आहे. त्याच वेगाला हा आकडा हळूहळू वर सरकला असेल तर गाडी कुठेतरी अडते आहे किंवा क्लच पूर्ण शिफ्ट होत नाही. आकडा तोच असून पेट्रोल जास्त जातंय, तर मग संशय इंजिन आणि कार्ब्युरेटरकडे वळवायचा.

गाडी कुठे अडते आहे?

मागचा भाग भक्कम स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवा आणि ट्रॅक हाताने फिरवा. जोर लागेल, पण तो सगळीकडे सारखा लागला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडकल्यासारखं वाटलं किंवा ट्रॅकला आतून आधार देणाऱ्या बोगी चाकातून खरखर आली तर बेअरिंग गेलंय. ब्रेक डिस्क पॅडला घासत नाही ना, हेही तेव्हाच कळतं. लांब राइडनंतर डिस्क विनाकारण तापलेली असेल तर कॅलिपरच्या पिनी जाम झाल्या असं समजा.

ट्रॅकचा ताण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ट्रॅक दात सोडून घसरू नये म्हणून लोक तो आवळतात, मग अजून थोडा आवळतात. फाजील ताणलेला ट्रॅक प्रत्येक फेऱ्याला शक्ती खातो आणि बेअरिंगही मारतो. मॅन्युअलमध्ये ट्रॅकच्या मध्यावर किती वजन लावल्यावर किती मिलिमीटर झोळ आला पाहिजे हे दिलेलं असतं. अंदाजाने न करता तेवढंच ठेवा. ताण बदलला की ट्रॅक मध्यावर धावतोय का ते पुन्हा तपासावं लागतं. त्यासाठी गाडी उचललेल्या अवस्थेत इंजिनने ट्रॅक फिरवताना मागे कोणी उभं राहू नये. ट्रॅकमधून सुटलेला खडा किंवा स्टड गोळीसारखा येतो.

रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना हायफॅक्स म्हणतात, त्यांना वंगण म्हणून बर्फच लागतो. कडक बर्फावर किंवा उघड्या रस्त्यावर ते वंगण मिळत नाही. पट्ट्या तापतात, वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटायला लागतात, आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी चालते. त्याच वेळी ट्रॅकवरच्या बोगद्यातल्या हीट एक्स्चेंजरवर बर्फ उडत नाही, म्हणून इंजिनही तापतं. स्क्रॅचर बसवून घेतले तर ते कडक पृष्ठभाग खरवडून दोन्हीकडे बर्फ पुरवतात. छोटा खर्च आहे, गुण मोठा.

स्की समांतर किंवा किंचित बाहेर उघडलेल्या असाव्यात. आतल्या बाजूला मिटलेल्या असल्या तर गाडी सतत नांगरत जाते. आणि रात्रभर सस्पेन्शनमध्ये गोठलेला बर्फ सकाळी झाडून काढा. तो ओझं वाढवतोच, शिवाय चाकं मोकळी फिरू देत नाही.

क्लच आणि बेल्ट: निम्म्या तक्रारी इथे संपतात

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतं त्याच जातीचं हे ट्रान्समिशन. इंजिनवर पुढची पुली, चालवल्या जाणाऱ्या शाफ्टवर दुसरी, मध्ये रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत वजनं असतात. आरपीएम वाढला की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगचा जोर मोडून पुली मिटवतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली स्प्रिंग आणि हेलिक्सच्या (तिरक्या उताराच्या कॅमच्या) मदतीने किती भार आहे ते ओळखून प्रतिसाद देते. इंजिन आपल्या ताकदीच्या आरपीएमवर राहतं की नाही, हे ठरवतं ते हे जोडपं.

बेल्टपासून सुरुवात करा. झिजून अरुंद झालेला बेल्ट मागच्या पुलीत खोल बसतो. म्हणजे गाडी जणू दुसऱ्या गिअरमधून निघते: उचलताना जोर मिळत नाही, बेल्ट घसरतो, तापतो. पूर्ण शिफ्ट झाल्यावर पुढच्या पुलीत तो पुरेसा वर चढत नाही, म्हणून वरचा वेगही जातो. रुंदी कॅलिपरने मोजा. नव्या बेल्टपेक्षा दीड ते तीन मिलिमीटर कमी भरला की बहुतेक उत्पादक तो बदला म्हणतात. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. गाडी उभी असताना बेल्टची वरची कड मागच्या पुलीच्या कडेच्या बरोबरीने किंवा अगदी थोडी वर दिसायला हवी. खाली गेली असेल तर मागच्या पुलीच्या दोन चेहऱ्यांमधलं अंतर जुळवून घ्या. नवा बेल्ट घालण्याआधी पुलीचे दोन्ही चेहरे स्वच्छ पुसा. नव्यावर लगेच पूर्ण थ्रॉटल मारू नका, सुरुवातीचा प्रवास सावकाश करा.

मग खरी परीक्षा. इंजिन आणि बेल्ट गरम झाल्यावर, मोकळ्या सपाट जागी पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम कुठे स्थिरावतो ते पाहा. उत्पादकाने दिलेल्या आकड्याच्या बराच खाली थांबला, तर एक तर इंजिन ताकद देत नाही किंवा वजनं जड आहेत. वर गेला, तर वजनं हलकी आहेत किंवा बेल्ट घसरतोय. वजन जड केलं की आरपीएम खाली येतो, हलकं केलं की वर जातो, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

पण इथे एक सापळा आहे. इंजिन आजारी असताना आरपीएम वर आणायला वजनं हलकी केली, तर मीटरवरचा आकडा बरोबर दिसतो आणि आजार तसाच राहतो. शिवाय हलक्या वजनामुळे निवांत चालवतानाही इंजिन जास्त फिरत राहतं आणि अ‍ॅव्हरेज आणखी खाली जातं. म्हणून वजनाला हात लावण्यापूर्वी पुढे दिलेली इंजिनची तपासणी पूर्ण करा. अपवाद एकच: तुम्ही गाडी खूप उंचावर नेली असेल. तिथे इंजिनची ताकदच कमी होते, त्यामुळे हलकी वजनं हाच योग्य उपाय.

क्लच उघडलाच आहे तर रोलर, बुश आणि सरकणारे भाग बघा. बुश सैल होऊन पुली तिरकी सरकायला लागली की शिफ्ट अडखळतं. थांबल्यावर, इंजिन बंद करून, आधी पुलीजवळ हात नेऊन धग बघा. एक पुली दुसरीपेक्षा फार तापली असेल तर दोष तिच्याकडे किंवा दोन्हींच्या सरळ रेषेकडे आहे. आणि क्लचचं झाकण काढून इंजिन वेगात चालवायचं नाही, कितीही घाई असली तरी.

इंजिनची तब्येत

इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत असावा. त्यापेक्षा जास्त असेल तर जेटचा विषय तिथेच थांबवून रिंग आणि पिस्टनकडे चला.

एक्झॉस्ट पोर्टजवळ पॉवर व्हॉल्व्ह (आरपीएमनुसार पोर्ट कमी-जास्त उघडणाऱ्या झडपा) असतील तर ते काढून पाहा. जळालेल्या तेलाची काजळी त्यांवर डांबरासारखी बसते. मिटलेल्या अवस्थेत अडकले तर वरची ताकद गायब होते आणि आरपीएम एका ठिकाणी भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. उघडे राहिले तर खालचा पिकअप मरतो, मग चालवणारा थ्रॉटल जास्त ओढतो आणि पेट्रोल जास्त जातं. हंगामातून एकदा साफ केले की बस.

रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण फक्त इंजिनकडे जाऊ देणाऱ्या झडपेच्या) पाकळ्या उजेडासमोर धरा. कड तुटलेली किंवा नीट न मिटणारी पाकळी मिश्रण उलट कार्ब्युरेटरमध्ये फेकते. एअरबॉक्समध्ये पेट्रोल आणि तेलाचा ओलावा सापडला तर संशय इथेच घ्या.

एक्झॉस्टच्या जोडांवरच्या स्प्रिंगा तुटल्या किंवा सील गेलं, तर गरम धूर बॉनेटखाली कोंडतो आणि इंजिन तोच श्वासात घेतं. उभी असताना ठीक, दहा मिनिटांनी दम तुटतो, थोडं थांबलं की पुन्हा ठीक. या लक्षणाने कित्येक कार्ब्युरेटर विनाकारण उघडले गेलेत. जोडांभोवती काळा फवारा दिसतोय का ते आधी बघा.

ऑइल पंपाची केबल खुणेवर जुळलेली हवी. जास्त तेल गेलं की प्लग काळे होतात आणि लोक त्याला रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रण समजतात. कमी गेलं तर काय होतं ते सांगायला नको.

काळे प्लग, आणि लपून बसलेला चोक

आता कार्ब्युरेटर, पण जेट अजून नाही.

एकच प्लग काळा आणि ओला, दुसरा ठीक असेल तर जेट निर्दोष आहे. दोन्हीकडे सारखाच जेट असतो. त्या बाजूच्या चोकचा प्लंजर पूर्ण बसत नसेल. त्याच्या टोकाचं रबर झिजतं, किंवा केबलमध्ये ढील उरत नाही, आणि गाडी अख्खा हंगाम अर्ध्या चोकवर चालते. चोकची दांडी बंद स्थितीत असताना ती थोडी मोकळी हलली पाहिजे. मुळीच हलत नसेल तर केबल सैल करा. पेट्रोल वाया जाण्याचं एवढं सोपं आणि एवढं न सापडणारं कारण मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच सिलिंडरची फ्लोट निडल (कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) आणि तिची बैठकही पाहा. ती गळत असेल तर गाडी उभी असतानाही पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं, सकाळी स्टार्ट करताना धूर आणि घरघर. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे.

दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्ही स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारे हवेचे दरवाजे) एकाच वेळी उचलल्या जातात का? एकाच मापाच्या दोन ड्रिल बिटांची मागची टोकं दोन्ही स्लाइडखाली सरकवा आणि थ्रॉटल हळूच दाबा. दोन्ही बिटं एकदमच मोकळी व्हायला हवीत. एक आधी सुटलं तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत चाललाय.

आता उलट बाजू. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता लटकत राहतो, किंवा बंद पडता पडता वाढतो, तर कुठून तरी फुकटची हवा जाते आहे: कार्ब्युरेटरच्या रबरी बूटला चीर, नाहीतर क्रँक सील. चीर डोळ्यांना दिसत नाही, बूट वाकवूनच सापडते. सीलसाठी इंजिन बंद करून हवेच्या दाबाची लीक टेस्ट करावी लागते. ही गळती असताना जेट मोठा घालून भागवू नका. एका थ्रॉटलवर जमेल, दुसऱ्यावर पिस्टन जळेल.

आता जेट

वाटेत गाडी अडखळते तेव्हाच एक झटपट परीक्षा करा: चोक किंचित उचला. सुधारली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं, अजून बिघडली तर रिच. थ्रॉटल कुठे होता तेही लक्षात ठेवा, कारण कुठला भाग दोषी ते त्यावरून ठरतं. बंदपासून पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, स्क्रू आणि स्लाइडचा कट, पाव ते पाऊण निडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) आणि तिची क्लिप, त्यापुढे मेन जेट. ट्रेलवर फिरणारा माणूस बहुतेक वेळ मधल्या पट्ट्यात असतो. अ‍ॅव्हरेजसाठी मेन जेट बदलत बसणं म्हणूनच फारसं फळत नाही, निडल बघा. क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. क्लिप वर नेली की लीन.

पायलटच्या स्क्रूबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. स्क्रू एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. आधी बाजू बघा, मग फिरवा.

आणि तक्रार परत परत का येते, याचं मूळ इथे आहे. थंड हवा दाट असते. उणे ३० अंशाला तीच हवा शून्य अंशापेक्षा सुमारे १२ टक्के दाट होते. उंचावर उलट: ३००० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक चतुर्थांश विरळ. कार्ब्युरेटरला यातलं थोडंच कळतं. शून्याला जमवलेलं जेटिंग उणे ३० ला लीन पडतं, आणि खाली जमवलेलं वर डोंगरात रिच. एक जेट सगळ्या हंगामाला पुरत नाही. बॉनेटखाली किंवा मॅन्युअलमध्ये तापमान आणि उंचीचा तक्ता असतो, तो पाळा.

लीन करून अ‍ॅव्हरेज वाढवण्याचा मोह इथेच होतो. टू-स्ट्रोकमध्ये जास्तीचं पेट्रोल पिस्टनला थंड ठेवण्याचंही काम करतं. लीन झालं की इंजिन आधी तेज वाटतं, पिकअप कसा मस्त सुटतो, आणि सीझ होण्याआधी (पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होण्याआधी) ते सर्वांत छान चालतं. थंडी अचानक वाढलेल्या सकाळी गाडी कधी नव्हे एवढी पळायला लागली तर खूश होण्याऐवजी थांबून प्लग काढा. पोर्सेलिन पांढरं फटक, त्यावर बारीक चकाकते ठिपके दिसले तर तिथूनच परत फिरा आणि मेन जेट मोठा घाला. तपकिरी रंग ठीक. मात्र आजच्या तेलांमुळे आणि पेट्रोलमुळे रंग फिका येतो, म्हणून प्लगच्या भोकातून टॉर्चने पिस्टनचा माथाही बघा. ट्रान्सफर पोर्टपाशी धुतल्यासारखे लहान स्वच्छ पट्टे असावेत. ते नसतील तर लीन, अर्धा माथा धुतलेला असेल तर रिच. बदल करताना एका वेळी एकच पायरी.

शून्याच्या आसपासच त्रास होत असेल तर

कडाक्याच्या थंडीत उत्तम, आणि हवा ओलसर, तापमान शून्याजवळ असेल तेव्हाच गाडी अर्ध्या थ्रॉटलवर गुदमरते. दहा मिनिटं उभी केली की आपोआप बरी होते. हे कार्ब्युरेटरच्या आत जमणारं बर्फ आहे. इंजिनच्या उष्णतेने ते वितळतं, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. काही गाड्यांत कूलंटने कार्ब्युरेटर गरम ठेवण्याची सोय असते. तिचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते पाहा. ताज्या पावडरमध्ये एअरबॉक्सच्या जाळ्या बर्फाने बुजतात, तेही याच नावावर खपतं. थांबून झटकल्या की सुटतं.

पेट्रोल

दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये सुमारे ३ टक्के ऊर्जा कमी असते आणि ते मिश्रण थोडं लीनही करतं. काही गाड्यांत इथेनॉलसाठी वेगळी सेटिंग असते. जास्त ऑक्टेनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. ते फक्त नॉकिंग टाळतं. उत्पादकाने सांगितलंय तेवढं पुरे. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल मात्र काढून टाका, पायलट जेटची बारीक भोकं त्याच्या चिकट थराने बुजतात आणि हंगामाची सुरुवातच तक्रारीने होते.

फ्युएल इंजेक्शन असेल तर

तापमान आणि हवेचा दाब सेन्सर स्वतः मोजतात, म्हणून जेटची भानगड नाही. पण सेन्सरच खोटं बोलला तर? कूलंटचा सेन्सर इंजिन कायम थंडच आहे असं सांगत राहिला की कंट्रोल युनिट सतत जास्त पेट्रोल ओतत राहतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी परिणाम तोच, कारण तेव्हा इंजिन खरोखरच थंड राहतं. म्हणून अ‍ॅव्हरेज घसरलेल्या इंजेक्शनवाल्या गाडीत पहिल्यांदा कूलंटचं तापमान वाचा, मग एरर कोड, त्यानंतर फ्युएल पंपाचा दाब. ट्रॅक, बेल्ट, ब्रेक, पॉवर व्हॉल्व्ह ही वरची सगळी तपासणी इथेही तशीच लागू. आणि उंचावर गेल्यावर कंट्रोल युनिट पेट्रोल बेतून देतं, पण गेलेली ताकद परत आणू शकत नाही. त्यामुळे क्लचची वजनं तिथे हाताने बदलावीच लागतात.